पिवळ्या पॅडच्या खणाबाबत

मी, निशांत वामन काळमेघ, वय सव्वीस, धंदा मोटारींच्या रंगाला पॉलिश करणे, मूळ राहणार कारंजा, जिल्हा वाशीम, सध्या मुक्काम वडिलांचे सरकारी क्वार्टर, सेक्टर सत्तावीस, चंदीगड, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी कसलीही नशा केलेली नाही. चहासुद्धा डॉक्टरांनी बंद केला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. भीती चालते का, हे मी खालच्या मजल्यावरच्या बाबुरावकाकांना विचारून घेतले. ते बाबांच्याच ऑफिसात आहेत आणि त्यांनी पुष्कळांची मृत्युपत्रे करून दिली आहेत. ते म्हणाले, "भीती नसती तर कोणी मृत्युपत्र लिहिलंच नसतं रे. लिही तू."

लिहिण्याचे कारण असे. लहानपणी मला सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. ती आता बदलायची आहे. उद्या सोमवारी दाखल व्हायचे, बुधवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शंभरातले अठ्ठ्याण्णव जण चालत घरी जातात. तेव्हापासून मी उरलेल्या दोघांचा विचार करतो आहे.

१. घर. घर माझे नाही. बाबांचेही नाही, सरकारचे आहे, आणि मार्चमध्ये बाबांची बदली झाली तर तेही सोडावे लागेल. त्यामुळे घराबद्दल मला काही लिहायचे नाही.

२. बँकेत जे असेल ते माझी आई, सौ. नयना, हिचे. तिने ते जाईच्या लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवू नये. स्वतःचे खालचे दात बसवून घ्यावेत. मला शुद्ध लिहायला आईनेच शिकवले. अकरावीत नापास होऊन मी शाळा सोडली, तरी दर रविवारी ती मला एक पान मराठी लिहायला लावायची आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची. या कागदावर रेघ मारावी लागू नये म्हणून मी हा तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे.

३. माझी धाकटी बहीण जाई हिला माझा मोबाइल आणि काळे जॅकेट. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर हिंदीत येते. मघाशी तिने माझ्या खांद्यावरून हे वाचले आणि म्हणाली, "दादा, ये क्या ड्रामा है यार." मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ आत बसली. तिला कोणी काही विचारू नये.

४. बाबांची निळी गाडी. ही गाडी त्यांचीच आहे, पण तिच्याबद्दल मला एक कबुली आणि दोन सूचना द्यायच्या आहेत. बाबा मला "गाड्या पुसणारा" म्हणतात. पाहुण्यांसमोरही म्हणतात. याचा मला राग आहे, तो मी येथे नोंदवून ठेवतो आणि येथेच सोडतो. कबुली अशी की नवे पॅड करून पाहायला मला रंगवलेला पत्रा लागायचा, आणि बाबा रविवारी दुपारी झोपत. मी त्यांच्या बॉनेटवर कागदी चिकटपट्टी लावून नऊ चौकोन पाडायचो आणि प्रत्येक चौकोनात एकेक पॅड चालवायचो. एकदा उन्हात उभे राहून बाबा म्हणाले, "या बॉनेटवर कॅरमबोर्डासारखं काय दिसतंय रे?" मी म्हणालो, "ऊन आहे बाबा." ते ऊन नव्हते.

सूचना पहिली. त्या बॉनेटवर आता कोणीही पॉलिश करू नये. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, तोच चमकतो, आणि प्रत्येक पॉलिशने तो थोडा थोडा जातो. गेलेला परत घालता येत नाही. तेथे आता फार थोडा उरला आहे. सूचना दुसरी. रोज सकाळी बादली घेऊन येणारा माणूस साऱ्या ब्लॉकच्या गाड्यांवरून एकच फडके फिरवतो. त्याला पगार द्यावा, दिवाळी द्यावी, पण आपल्या गाडीला हात लावू देऊ नये.

५. पॉलिशचे मशीन, तेवीस फोमचे पॅड आणि माझी वही. हे सर्व मी स्वतः घेतलेले आहे, मी काम करतो त्या दुकानाचे नाही. हे सर्व माझा आतेभाऊ, मेघनाआत्याचा मुलगा, हेरंब श्रीराम इंगोले याला मिळावे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, येथून जवळच मुल्लानपूरला खोली घेऊन राहतो आणि टॅक्सी चालवतो. पॅड त्याला नुसते देऊन उपयोग नाही, म्हणून थोडे लिहितो.

पॅड दिसायला सगळे सारखे. फरक अंगठ्याला कळतो. दाबून सोडला की जो लगेच उसळतो तो घट्ट. तो खोल ओरखडा काढतो, पण वरचा थरही घेऊन जातो. जो सावकाश वर येतो तो मऊ. तो जवळजवळ काही काढत नाही, शेवटची चमक आणतो. दिल्लीच्या घाऊक बाजारातला नारिंगी पहिल्या दोन गाड्यांना उत्तम, तिसऱ्या गाडीला मधोमध खचतो. परदेशी पांढरा मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवरही टिकतो, मागच्या वेल्क्रोचा गोंद सुटत नाही. खाचा पाडलेला निळा कमी तापतो, पण पॉलिश उडवतो. समोर पांढरी भिंत असेल तर वापरू नये. काळा, बारीक छिद्रांचा, काळ्या गाडीला शेवटी हाच. पॅड कोमट पाण्यात धुवावेत आणि वेल्क्रोची बाजू वर करून वाळवावेत. दोन पत्र्यांमागे एकदा तरी पॅड साफ करावा, नाहीतर आधीची घाण पुढच्या पत्र्याला ओरखडते.

आणि रंगावरून पॅड कधीही ओळखू नये. एका कंपनीचा पिवळा सर्वांत मऊ असतो, दुसरीचा पिवळा सर्वांत घट्ट. कंपन्यांनी आपसात बसून रंग ठरवलेले नाहीत. हे मला माहीत होते. वहीच्या पान एकेचाळीसवर माझ्याच अक्षरात आहे.

६. पिवळ्या पॅडचा खण. हे कलम हेरंबला मोठ्याने वाचून दाखवावे.

हेरंबला कारंज्याहून मीच बोलावले. मोहालीत श्यामसुंदरजींच्या दुकानात मी सात वर्षे काम करतो, तेथेच त्याला लावून दिले. तीन महिन्यांत त्याचा हात माझ्यापुढे गेला. मी मशीनवर भार टाकतो. तो मशीनला फक्त दिशा द्यायचा, वजन मशीनचे स्वतःचे. त्याच्या हातच्या गाडीवर दिवा धरला तर पॉलिशचे एकही वलय दिसत नसे. मला त्याचा थोडा मत्सर वाटायचा. थोडा नव्हे.

दुकानात पॅडच्या खणांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिलेल्या होत्या, हिंदीत, शुद्ध, प्लास्टिक चढवून. पिवळ्याच्या खणावर होते, "पीला, मुलायम, आख़िरी हाथ." गेल्या वर्षी एप्रिलमध्ये श्यामसुंदरजींनी माल दुसऱ्या कंपनीचा मागवला. रविवारी मी नवा पिवळा बाबांच्या बॉनेटवर चालवून पाहिला आणि वहीत लिहिले, "नवा पिवळा सर्वांत घट्ट. खणाची चिठ्ठी बदलणे." प्लास्टिक चढवून देणारे दुकान रविवारी बंद होते. साध्या कागदाची चिठ्ठी मला लावावीशी वाटली नाही, बाकीच्या खणांमध्ये ती वाईट दिसली असती. सोमवारी सकाळी नवे पिवळे पॅड मीच त्या खणात भरले. म्हटले, संध्याकाळी चिठ्ठी बदलू.

दुपारी हेरंबकडे एक काळी गाडी होती. शेवटचा हात राहिला होता. त्याने खणातून पिवळा काढला, दाबून पाहिला आणि पलीकडून ओरडला, "दादा, हा घट्ट लागून राहिला."

माझे मशीन चालू होते. मान वर न करता मी म्हणालो, "खणावर काय लिहिलंय?"

"मऊ."

"मग?"

"मग तू लिहिलं म्हणजे मऊच," तो हसून म्हणाला. "माझा अंगठाच खोटा."

बॉनेटच्या कडेला थर सगळ्यांत पातळ असतो. तेथे तो अर्ध्या मिनिटात जळाला. खालचा राखाडी रंग दिसायला लागला. श्यामसुंदरजी आले, बोटाने कड पाहिली आणि विचारले, "पीला किसने लगाया?"

हेरंबने माझ्याकडे पाहिले. तो माझ्यावर ढकलत नव्हता. काय झाले ते दादा नीट समजावून सांगेल, म्हणून पाहत होता. मी मशीनची वायर गुंडाळत होतो. मी ती पूर्ण गुंडाळली.

"मैंने लगाया जी," तो म्हणाला.

"पुत्तर, हाथ भारी है तेरा," श्यामसुंदरजी म्हणाले. रागाने नव्हे, समजुतीने म्हणाले, ते जास्त वाईट झाले. "ये काम हल्के हाथ का है. तेरे बस का नहीं."

दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितले. त्याच संध्याकाळी मी नवी चिठ्ठी करून आणली, प्लास्टिक चढवून, आणि कोणी नसताना खणाला लावली. जुनी चिठ्ठी मी फेकली नाही. ती वहीत पान एकेचाळीसला ठेवलेली आहे. तीही हेरंबला द्यावी, म्हणजे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

मी त्याला तीनदा सांगायला गेलो. एकदा मुल्लानपूरला त्याच्या खोलीवर. तो अख्खा वेळ टॅक्सीत उलटी केलेल्या एका नवरदेवाची गोष्ट सांगत राहिला आणि मी हसत राहिलो. एकदा त्याच्या टॅक्सीतच, दारावर फडक्याचे ओरखडे होते, मी म्हणालो मशीन आणतो, तर म्हणाला, "राहू दे दादा, भाड्याची आहे." तिसऱ्यांदा या दिवाळीत, आमच्याकडे. आईने त्याला करंज्यांच्या कडा दाबायला बसवले. तो उठला. म्हणाला, "नको मामी, माझा हात जड आहे. फुटतील." त्याने हे गंमत म्हणून सांगितले नाही. आपला रक्तगट सांगावा तसे सांगितले.

हेरंब, तुझा हात जड नाही. तुझा अंगठा खरा होता. चिठ्ठी खोटी होती आणि ती माझी होती.

७. श्यामसुंदरजींनी हेरंबला परत घ्यावे, असे मी येथे लिहिणार होतो. काकांना नाव न सांगता विचारले. ते म्हणाले, "जे तुझं नाही ते तुला देता येत नाही. नोकरी तुझी आहे का?" म्हणून एवढेच लिहितो की कलम सहाची एक नक्कल त्यांना पोचवावी. माझी मागच्या वर्षीची बढतीही याच प्रकरणानंतर झाली, हे त्यांना माहीत असावे.

८. या सर्वाची अंमलबजावणी माझे वडील, वामन काळमेघ, यांनी करावी. ते मला गाड्या पुसणारा म्हणतात, पण सांगितलेले काम ते विसरत नाहीत.

९. आता जे मला कोठे लिहावे ते कळत नाही ते येथे लिहितो. हे पाकीट मी मेलो तरच उघडेल. मी अठ्ठ्याण्णवांत निघालो तर ते बंद राहील, मी चालत घरी येईन, आणि हेरंब जड हाताचाच राहील. मला स्वतःची माहिती आहे. झडप नवी बसली म्हणून मी वेगळा होणार नाही. जगावे असे मला फार वाटते. पण जगलो तर हे सांगायला माझ्याकडे दुसरा कागद नाही.

पुरवणी, सोमवार सकाळ. दुसरे साक्षीदार म्हणून मोहालीचे जयंतराव येणार होते, त्यांची गाडी मी करतो. त्यांचा निरोप आला की ऑफिसची तातडीची मीटिंग लागली, येणे होत नाही. काकांनी मला आधीच बजावले होते, "ज्याला काही द्यायचंय त्याची साक्ष घेऊ नकोस. उद्या कोणी वाद काढला तर कागद लंगडा पडतो." आणि आता तेच काका बाहेरच्या खोलीत म्हणाले, "साक्षीदार कशाला शोधता, हा हेरंब आलाय की. घरचाच आहे." तो आम्हाला दवाखान्यात न्यायला टॅक्सी घेऊन आला आहे आणि आईने दिलेला चहा पीत आहे. नको म्हणायला कारण सांगावे लागेल, आणि कारण हेच आहे. म्हणून मी आत येऊन हे लिहितो आहे.

त्याच्या साक्षीमुळे मशीन आणि पॅड त्याला मिळणार नसतील, तर बाबांनी ते त्याला आपल्या हाताने द्यावेत. वस्तू राहिल्या तरी चालतील. कलम सहा वाचायचे राहू नये.

काका म्हणतात, साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. ते वर वर्तमानपत्र धरणार आहेत. प्रत्येकाने सहीसोबत आपल्या हाताने दोन ओळी लिहायच्या आहेत. साक्षी झाल्यावर काका हे पाकीट बंद करतील.

स्थळ: चंदीगड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी पावणेनऊ

(सही) निशांत वामन काळमेघ

साक्षीदार पहिला:
निशांतने माझ्यादेखत, राजीखुशीने सही केली. तो पूर्ण शुद्धीवर आहे, जरुरीपेक्षा जास्तच.
(सही) बाबुराव गणोरकर

साक्षीदार दुसरा:
दादाने माझ्यासमोर सही केली. कागद सरकत होता, म्हणून मी तो धरला. काकांनी वर पेपर ठेवल्याने आत काय आहे ते मी वाचलेले नाही. सही करताना दादा माझ्याकडे पाहत नव्हता. घरी आल्यावर त्याने मला ते तोंडाने सांगावे. मी तोपर्यंत दवाखान्याबाहेरच गाडी लावून थांबणार आहे.
(सही) हेरंब श्रीराम इंगोले