दोन फेऱ्या सैल केलेले धनुष्य

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त आरेखक, उजवा खांदा वगळता शरीराने धडधाकट आणि बायकोचे मत वगळता बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणायला घरात कोणाला सवडही नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. यात वाद घालण्यासारखे काही नाही, म्हणून जावयांनी हिरमुसू नये.

२. जावयांना माझ्या जुन्या धनुष्याचे तडकलेले पाते, म्हणजे ओढल्यावर वाकणारी बाजू, द्यावे. पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी दिवाणखान्यात ते धनुष्य पूर्ण ओढले आणि बाण न लावताच दोरी सोडली. अशा वेळी सगळा जोर पात्यांवर येतो, हे मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत सिद्ध झाले होते. "हे आधीच तडकलेलं होतं का हो?" असे त्यांनी वर मलाच विचारले. पाते रोज दिसेल असे टांगावे.

३. धनुष्य हलू नये म्हणून पुढे लावायची लांब दांडी तिरंदाजी क्लबातल्या मेजरला. (मेजर हे टोपणनाव; नोकरी विमा कार्यालयात.) "उद्या आणून देतो" म्हणून त्याने ती केव्हाच नेली आहे. आता परत करण्याची तसदी घेऊ नये.

४. माझे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य. त्याची मूठ मी स्वतःच्या तळव्यावर बेतून, पुट्टी थापून, कानशीने घासून घडवली. दुसऱ्या कोणाच्या हातात ती बसणार नाही. तरीही ते पत्नीलाच मिळावे. कारण लिहिणे भाग आहे.

खांदा कुरकुरू लागला तेव्हा डॉक्टरांनी हलके धनुष्य घ्यायला सांगितले. मी त्यांना ऐकवले, "ज्या दिवशी हे ओढता येणार नाही, त्या दिवशी भंगारात देईन." पत्नी शेजारीच बसली होती. धनुष्याबद्दल तिचे लग्नापासून एकच मत आहे: "मला त्यातलं काही कळत नाही, तुमचं चालू द्या."

त्यानंतर ओढणे सोपे होत गेले. क्लबात मी छाती काढून फिरलो. बाण मात्र खाली लागू लागले. तो दोष मी वाऱ्याला दिला. मग एकदा हार्डवेअरवाल्याने सहज विचारले, "वहिनींच्या टेबलाचं झालं का काम? पाय डुगडुगतो म्हणून बोल्ट फिरवायची ॲलन चावी घेऊन गेल्या." आमच्या टेबलाला एकही स्क्रू नाही.

घरी येऊन मोजपट्टी लावली. पाती धरून ठेवणारे बोल्ट सैल केलेले, वरचा आणि खालचा अगदी सारखे. ते सैल केले की धनुष्य ओढायला हलके होते आणि बाण खाली जातो. दोरी ढिली पडू नये म्हणून तिला पीळही वाढवलेला. म्हणजे जेवताना दिलेली माझी सगळी व्याख्याने या बाईने ऐकली होती. मी मोजपट्टी खणात ठेवली आणि जेवायला बसलो. मधूनमधून बोल्ट आणखी थोडे सैल होत आणि मी सुखाने नेम धरत असे. आयुष्यात माझ्यावर एवढी माया कोणी केलेली नाही.

५. बोल्ट कोणीही पुन्हा आवळू नयेत. दोन फेऱ्यांपलीकडे गेले तर पाते निसटते, हेही मीच सांगितले होते. ती बरोबर दोनवर थांबली आहे. आता सैल करायला जागा उरलेली नाही.

काल मैदानावर मला धनुष्य ओढता आले नाही. एकही बाण न मारता परतलो. भंगाराचा विषय मी काढला नाही. तिने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "अहो, वारा फार होता का आज?"

"फार," मी म्हणालो.

सही: (केली आहे. वाकडी आली, ती खांद्यामुळे.)

साक्षीदार: १. खांद्याचे डॉक्टर. २. हार्डवेअरवाला, वहिनींना आत्ताच काही न सांगण्याच्या अटीवर.

स्थळ: जेवणाचे टेबल.
दिनांक: बारा, शनिवार. वारा कालही नव्हता, आजही नाही.