बाबांचे घोरणे उतरले त्याबद्दल

मु. धानोऱ्याजवळ, दि. २१ ऑक्टोबर २००३, मंगळवार, सकाळचे साडेदहा. बाबा खाटेवर झोपले आहेत आणि मी त्यांच्या पोटाकडे पाहत लिहीत आहे (पोट वर आले की शब्द, खाली गेले की स्वल्पविराम).

ती. खुशालमामांना पवनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मामीचा गुडघा वाकू लागला का, ते कळवावे. इकडे बाबा बरे आहेत, आणि त्यामुळेच गाव अडचणीत आहे.

रानडुकरांपासून धान राखायला लोक रात्री शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून जागल करतात. आमच्या बाजूची जागल बाबांकडे असते, कारण ते जागत नाहीत. ते झोपतात, घोरतात, आणि डुकरे नदीपलीकडे जातात. मोबदला म्हणून रोज एका घरचे जेवण माळ्यावर येते (वाढणारा हात कोणाचाच आखूड नाही). त्या जेवणाने बाबा फुगले, फुगल्याने घोरणे वाढले, घोरणे वाढल्याने जेवण वाढले.

पण मध्येच घोरणे थांबे, श्वासही थांबे. मी त्यांना चंद्रपूरला नेले. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, वजन आहे, झोपेत श्वास अडकतो. असेच चालले तर लकव्याचा धोका आहे. साखरेच्या गोळ्या दिल्या. त्याने भूकही थोडी मंदावेल, वजन उतरले तर श्वास मोकळा होईल, असे सांगितले. तसेच झाले. बाबा तान्ह्या बाळासारखे झोपू लागले आणि डुकरांनी शेजारच्या दादाजींच्या बांधीतले उभे धान लोळवले.

दादाजी आले. "पोचूभाऊ, तू बरा होऊन राह्यला, चांगलंच हाय. पन धान घरी आल्यावर बरा झाला असता, तं काय बिघडत होतं?" पलीकडच्या शेताच्या बुधरीबाई तर रोज गुळाची खीर आणतात आणि हळूच आईला विचारतात, "आज काई आवाज आला का वो?"

मी स्वतः माळ्यावर घोरून पाहिले. डुकरे थांबली, ऐकून घेतले, खात राहिली. आई म्हणते, "तुह्या घोरण्यात जरब नाई."

खरी काळजी पुढेच आहे. आता बाबा गोळी गालात धरतात आणि मागच्या दारी थुंकतात. विचारले तर म्हणाले, "घोरलो नाई तं मले गावात कोन पुसते?" मामा, लकवा आल्यावर ही खीर मलाच त्यांना चमच्याने भरवावी लागेल, हे त्यांना पटत नाही. पुष्कळ समजावल्यावर एवढे कबूल केले, की जागल घरच्याच माणसाकडे राहिली तर गोळी गिळतील.

आपला भाचा,
पवन

ता. क. चंदाच्या लग्नात तुम्ही दुपारी मंडपात आडवे झालात तेव्हा बँडवाले वाजवायचे थांबले होते, अशी आठवण आईने काढली. तरी धान कापेपर्यंत माळ्यावर झोपायला यावे. जेवण येईल.

पुन्हा ता. क. एकदा तुम्हीही त्या डॉक्टरांना दाखवावे, असे मला मनापासून वाटते. धान कापले की लगेच नेतो. तोवर रात्री तुमचा श्वास अडकला तर मी शेजारीच बसलेला असेन, हलवीन. पूर्ण जागे मात्र करणार नाही.