आईच्या कपाळावरचं तेल

पप्पा, आईला आत नेऊन पाऊण तास झाला. आतड्यातली गाठ काढायला तीन तास तरी लागतील, वय पाहता जास्तही, असं सर्जनबाई म्हणाल्या. मी वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या हॉस्पिटलात वेटिंग रूममध्ये बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आज भांडायला मला तुम्हीच हवे आहात.

तुमचा तो जैतुनाच्या तेलाचा छोटा डबा आठवतो. मेडिकलमधून आणून तुम्ही तो कपाटात, उपासनेच्या झग्याशेजारी ठेवायचात. संडे स्कूलमध्ये तुम्ही आम्हाला बायबलातलं तेल शिकवायचात: राजाच्या मस्तकावर ओतायचं ते, निवासमंडपातला दिवा रात्रभर तेवत ठेवायचं ते, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमांवर घालायचं ते, आणि त्या विधवेच्या घरातलं, भांडी संपेपर्यंत न आटलेलं. तुम्ही गावचे पाळक, कुणी आजारी पडलं की चर्चच्या मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन तेल लावायला निघायचात. कपाळाला तेलाचं बोट लागलं की माणसं खरंच शांत व्हायची. एकदा पुऱ्या तळताना आईचा हात भाजला. तिने तो डबा उघडला, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणालात, ते मंडळीचं आहे. तिने झाकण लावलं आणि हात पाण्याखाली धरला. जखमेवरच्या तेलाचा धडा त्याच आठवड्यात झाला होता, पप्पा.

इथे सुपरमार्केटात तेच तेल शेल्फभर असतं, मी ते सॅलडवर ओतते. काल आईने त्यातलं थोडं औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. इथले पाळक सकाळी यायचे होते, पण वेलिंग्टनकडून येणारा मोटरवे कुणाच्या तरी अपघाताने तुंबला आणि ते अडकले. आई बेडवरून पाय खाली सोडून बसली. तेल लागल्याशिवाय आडवी होणार नाही म्हणाली. नर्स माओरी, वयाचा मान ठेवणारी. ऑपरेशनआधी अंगाला काही लावायचं नसतं, पण कपाळावर एक ठिपका चालेल, म्हणाली. दहा मिनिटं थांबते, असंही ती म्हणाली, नाहीतर ऑपरेशनचा स्लॉट जाईल आणि पुढची तारीख कधी मिळेल ते कुणालाच सांगता येणार नाही.

"तू लाव," आई म्हणाली.

मी चिडले. चर्चची पायरी चढून मला कैक वर्षं झाली. ते काम वडीलधाऱ्यांचं, पप्पांनीच शिकवलंय, असं काहीतरी बोलले.

"त्यांचं सांगू नकोस. अख्ख्या गावाला तेल लावलं त्यांनी. माझं बाळ पोटातच गेलं, आठ दिवस तापाने फणफणले होते, मला नाही लावलं. मी वाट बघितली."

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरात होता. का नाही लावलंत? दोघा पुरुषांसमोर बायकोचं असलं दुखणं बोलायची लाज वाटली? की मंडळीचं तेल घरात वापरायचं नाही, हा नियम तिच्या जिवापेक्षा मोठा होता? मला तुमचा राग येतो आहे आणि भीतीही वाटते आहे, कारण आत ती एकटी आहे.

मी बाटली उघडली. प्रार्थना धड आठवेना, तुमचेच शब्द अर्धेमुर्धे म्हटले. बोट तिच्या कपाळावर असतानाच मी म्हणाले, "आई, त्यांनी लावलं होतं. तू ग्लानीत होतीस. ते एकटेच आले, दार लोटून घेतलं आणि खूप वेळ तुझ्या उशाशी गुडघे टेकून बसले. मी पाहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "रडले का गं?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. मग ती आडवी झाली, आणि नर्सने बेडचा ब्रेक काढला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मी खोटं बोलले, पप्पा. ते आठ दिवस मी मावशीकडे होते. मला तिथे आईनेच पाठवलं होतं, आणि ते ती विसरलेली नाही.