चहावर सांगितलेलं

६ नोव्हें., गुरु.

आज बोलणी खाल्ली. गुन्हा काय, तर कालच्या मेलमध्ये एक ओळ जास्त. घाटातल्या दुसऱ्या वळणावर पवनचक्कीचं पातं आणणारा ट्रेलर वळणार नाही, असं इथल्या कंत्राटदाराचं म्हणणं आहे, एवढंच लिहिलं होतं. पाटणकर सरांनी विचारलं, हे मीटिंगमध्ये कोण बोललं? कोणीच नाही. नाना बोलले, मीटिंग संपल्यावर, टपरीवर. "मग ते झालंच नाही," सर म्हणाले. "मीटिंगमध्ये बोललं जाईल तेवढंच लिहायचं, मीनल. तू टपरीची बातमीदार नाहीस." चेन्नईचे दोघे समोरच बसलेले. मराठी कळत नसलं तरी बोलणी कळतात.

ठीक. इथून पुढे तेवढंच लिहीन. एक अक्षर जास्त नाही.

७ नोव्हें., शुक्र.

अजून डोक्यातून जात नाही. चार कंपन्या एका माळावर. चक्क्या जर्मनांच्या, क्रेन गुजरातची, खोदकाम-काँक्रीट चेन्नईवाल्यांचं, आणि सगळ्यांवर देखरेख पुण्याच्या आमच्या कंपनीची. मुरूम आणि मजूर तिसगावच्या नानांचे. माझ्या कार्डावर ‘समन्वयक’ छापलंय. आईला अर्थ सांगितला तर म्हणाली, म्हणजे इकडचं तिकडे करायचं ना? अगदी बरोबर.

जर्मनांचा इंजिनिअर योनास कॉलवर म्हणतो, हे अजिबात मान्य नाही. मी नानांना सांगते, नाना, तेवढं जरा बघून घ्या. आणि नाना मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत. परक्या पाहुण्यांसमोर आपल्या साहेबाचं म्हणणं खोडायचं नाही, ही त्यांची रीत. खरं काय ते बाहेर, चहावर, मला सांगणार. मी ते गोड इंग्रजीत बसवून वर पाठवणार. दोघांनाही वाटतं, समोरचा फार समजूतदार आहे. तो समजूतदारपणा माझा आहे. दोन वर्षं निम्मं काम त्यावर चाललंय, आणि सरांना ते माहीत नाही असं मुळीच नाही.

११ नोव्हें., मंगळ.

तीनचा कॉल. विषय सतरा नंबरची चक्की. क्रेन उभी करायची जागा तयार, पुढच्या मंगळवारी काम. सरांनी सांगितलं, मातीची तपासणी झाली आहे, सगळं ठीक. योनासने नेहमीसारखं एकेकाला नाव घेऊन विचारलं. नानांनाही. मी मराठीत विचारलं, नाना, त्या जागेबद्दल काही शंका? नानांनी सरांकडे पाहिलं. "न्हाई. साहेब म्हनतेत तसं." मी इंग्रजीत सांगितलं, काही शंका नाही.

मग टपरीवर नानांनी चहा बशीत ओतला आणि बोलले. शब्दशः लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची मला बंदी आहे: "ताई, क्रेनच्या डाव्या अंगाला बुजवलेली विहीर हाय. म्या ल्हानपनी तिच्यात पवायला शिकलो. दुष्काळात आटली, मंग दगडं-कचरा टाकून बुजवली. वरून कितीबी मुरूम दाबा, खाली पोकळच. तेवढं कळवा त्यास्नी."

तपासणीची भोकं चक्कीच्या पायाच्या जागी पाडली होती, क्रेनच्या जागी नाही. हे मलाही माहीत आहे.

आत का नाही बोललात, म्हणून विचारलं. म्हणाले, पाहुन्यांसमोर साहेबांना खोटं पाडायचं व्हय?

१२ नोव्हें., बुध.

मिनिट्स पाठवले. सतरा नंबर: स्थानिक कंत्राटदाराची हरकत नाही. मीटिंगमध्ये बोललं गेलं तेवढंच. पाठवताना चक्क बरं वाटलं. घ्या म्हटलं, असंच पाहिजे होतं ना.

विहिरीचं सरांना वेगळं सांगेन, राग उतरला की. राग माझा. त्यांना तर काही आठवतही नसेल.

१३ नोव्हें., गुरु.

अठरा नंबरवर क्रेनचं काम बघत उभी होते. क्रेनवाला गुजराती, खालचे फिटर तमिळ, बाजूला साइटभेटीला आलेला योनास, आणि सगळ्यांच्या मधे सलीम. नानांचा माणूस, नगरचा, सव्वीस वर्षांचा. क्रेनला हाताने खुणा करायचं काम त्याचं. अंगठा वर, वर घे. बोट गोल, हळू. मूठ, थांब. एवढ्या मोठ्या साइटवर सगळ्यांना कळणारी भाषा तेवढी एकच. योनाससुद्धा सलीमच्या हाताकडे बघत असतो. मी सलीमला म्हटलं, माझ्यापेक्षा तुझं काम बरं. तो हसला, म्हणाला, मॅडम, माझ्याकडं शब्दच नाहीत, चूक कुठनं व्हायची.

१४ नोव्हें., शुक्र.

नाना टपरीवर भेटले. "कळवलं का ताई?" मी म्हटलं, "हो नाना, कळवलंय." सोमवारी सांगणारच आहे, म्हणून आधीच हो म्हटलं. असं आपण म्हणतोच. नाना म्हणाले, मंग काळजी न्हाई. माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.

१७ नोव्हें., सोम.

सर दिवसभर शिर्डीला. जर्मनांचे कोणी मोठे साहेब विमानाने आले, त्यांना घ्यायला गेलेत. दोनदा फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला, ‘सर, सतरा नंबरबद्दल बोलायचं होतं.’ निळी खूण आली. उत्तर नाही.

उद्या साइटवर तोंडावरच सांगते. काम दहाला सुरू होतं, जीप नऊला पोचते.

१८ नोव्हें., मंगळ.

मोठ्या साहेबांना दाखवायचं म्हणून काम आठलाच सुरू केलेलं.

जीपमधून उतरत होते तेव्हा आवाज आला. क्रेनचा डावा पाय खचला. क्रेन पडली नाही, तिरकी झाली. टांगलेला लोखंडी भाग फिरला आणि सलीम त्याखाली सापडला. सगळे सांगतात, त्याची मूठ वर होती. थांब, म्हणून. अख्ख्या साइटवर तो एकटा वेळेवर बोलला.

नाना मुरमाच्या ढिगावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कळवलं हुतं तरी उभी केली का हो?"

मी ॲम्ब्युलन्स कुठून आत येईल ते बघायला गेले.

२० नोव्हें., गुरु.

नगर. हॉस्पिटल. सलीमचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. त्याची अम्मी बाकावर बसलेली, शेजारी नाना. मला पाहून नानांनी तिला सांगितलं, ह्या ताईंनी आधीच वर कळवलं हुतं. तिने माझा हात धरला. तुम्ही तरी बोललात, म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ तसाच धरू दिला.

काय माणूस आहे मी. आतून सलीमने विचारलं म्हणे, क्रेनवाला बरा आहे ना.

२४ नोव्हें., सोम.

चौकशीचा कॉल. पडद्यावर चौदा चेहरे आणि माझे मिनिट्स, ओळ पिवळी केलेली: स्थानिक कंत्राटदाराची हरकत नाही. खाली हजेरीला नानांची सही. क्रेनवाले म्हणाले, जागा दिली तशी वापरली. चेन्नईवाले म्हणाले, जुन्या विहिरींची माहिती स्थानिकांनी द्यायची असते. जो तो फिरून फिरून त्याच ओळीवर येऊन टेकत होता, आणि ती ओळ मी टाइप केलेली. कोणी खोटं बोललं नाही. तेच तर.

मग दोन वर्षांत पहिल्यांदा नाना मीटिंगमध्ये बोलले. उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. "म्या सांगितलं हुतं. विहीर हाय म्हून सांगितलं हुतं. आत बोलाया पायजेल हुतं, ती माजी चूक. त्या पोराचा पाय गेला, त्याचं मला झोपू दीना. पन म्या ताईला सांगितलं, ताईनं वर कळवलं. इचारा ताईला."

योनास म्हणाला, भाषांतर, प्लीज.

मी इंग्रजीत म्हटलं, ते म्हणतात, त्यांनी याबद्दल कुणाला तरी सांगितलं होतं.

कुणाला, असं योनासने विचारलं. पाटणकर सर मधे बोलले, ते जरा भावनेच्या भरात आहेत, आपण पुढचा मुद्दा घेऊ. नानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बरोबर सांगितलंत, अशी. त्यांना इंग्रजी येत नाही.

सरांना मात्र मराठी येतं. सगळं कळलं त्यांना. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं सांभाळलंस." दोन वर्षांतली पहिली शाबासकी. संडासात जाऊन रडले. स्वतःचीच किळस आली.

२५ नोव्हें., मंगळ.

सुट्टी टाकली. आईने तीनदा विचारलं, काय झालं. साइटवर कामाचा ताण आहे, म्हटलं. आईशीसुद्धा मिनिट्सच्या भाषेत बोलायला लागले.

ही वही मागे जाऊन वाचली. ११ तारखेचं पान नानांना सोडवेल. तारीख आहे, त्यांचे शब्द आहेत. पाठीमागे १४ तारखेचं. ‘हो नाना, कळवलंय.’ एकाच पानाच्या दोन बाजू. एक बाजू द्यायची आणि दुसरी ठेवायची, असं करता येत नाही. झेरॉक्स काढता येईल, एका बाजूची. हेही सुचलं मला. लगेच सुचलं.

२७ नोव्हें., गुरु.

योनासचा मेल. फक्त मला, बाकी कोणालाही नाही. त्याने कॉलचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. नाना बराच वेळ बोलले आणि तुझं इंग्रजी एकच ओळ होतं. ते नेमकं काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहून पाठवशील का? एवढंच. आरोप वगैरे नाही. आरोप करायचा असता तर सरळ केला असता, माणूस तेवढा मला कळलाय.

उत्तर लिहायला बसले. नानांचं एकेक वाक्य घेतलं. विहीर आहे म्हणून सांगितलं होतं. लिहिलं. आत बोलायला हवं होतं, ती माझी चूक. लिहिलं. पोराचा पाय गेला, झोप येत नाही. तेही लिहिलं. पुढचं वाक्य सात शब्दांचं आहे. इंग्रजीत त्याहून सोपं. दोन वर्षांत याहून कितीतरी अवघड वाक्यं मी इकडची तिकडे केली.

मेल अर्धाच ठेवला. दुपारी सरांनी विचारलं, चेहरा का उतरलाय? काही नाही सर, म्हटलं.

२९ नोव्हें., शनि.

सतरा नंबरवर दोन मजूर आणि नाना. विहिरीभोवती चुन्याची रेघ मारत होते. कोणी सांगितलं नव्हतं. नाना म्हणाले, आता बोलायचं ते जिमिनीवरच लिवायचं. मला चहाला चला म्हणाले. काम आहे म्हटलं.

३० नोव्हें., रवि.

योनासचा मेल अजून अर्धाच. सकाळी उघडला, वाचला, बंद केला.

दुपारी नानांचा फोन. त्यांना उद्या अकराला पाथर्डीला पोलिसांत जबाबाला बोलावलंय. "निस्काळजीपना म्हून माज्या नावावर घालनार म्हनतेत. घालू द्या, पन खरं काय ते तरी कागदावर येऊ द्या. ताई, तुमी येता ना? तुमी बाजूला असल्या की मला बोलाया बरं पडतं."

वही पिशवीत घातली आहे. पान फाडलेलं नाही, झेरॉक्सही काढलेली नाही. आईने विचारलं, मंगळवारच्या सुट्टीचं भरून काढायला उद्या लवकर जातेस का? हो म्हटलं.

नानांनाही म्हटलं, "हो नाना, येते." फोन ठेवल्यावर लक्षात आलं. कळवलंय म्हटलं होतं, अगदी त्याच आवाजात.