रविवारची पिवळी गोळी

मैना,

तुझ्या आईला सकाळी दवाखान्यात दाखल केलं आहे. ताप उतरत नव्हता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात, त्यामुळे आत येताना मास्क लाव. कात्रजच्या मावशीला इतक्यात कळवू नकोस.

संधिवाताची गोळी फक्त रविवारी द्यायची होती आणि जीवनसत्त्वाची रोज. दोन्ही पिवळ्या. गोळ्यांच्या डबीचे वारांचे खण भरताना मी उलटं केलं. दहा दिवस मीच रोज विचारत होतो, गोळी घेतलीस का म्हणून. तोंड आलं म्हणून ती जेवेना, तर नाटकं पुरे, असंही म्हणालो.

मुगाचं पाणी गाळून आण, तिखट अजिबात नको. चष्मा देवापाशी राहिलाय.

संधिवाताची गोळी रोज पोटात गेल्यानेच हे झालं, ती रोज कशी घेतली, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझीच चूक, मीच पाकिटातून रोज काढून घेत होते. त्या वाकड्या बोटांनी पाकिटातून गोळी निघतच नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार. मी शेजारीच उभा होतो. काही बोललो नाही.

डबी टेबलावर आहे, तशीच घेऊन ये. ती मी भरतो, हे डॉक्टरांना तूच सांग. आईसमोर नको, ती परत स्वतःवर घेईल, आणि मी परत गप्प बसेन.

आप्पा