सूनबाईच्या परदेशी सर्टिफिकेटाबाबत व्याह्यांस

भोर, ८ जुलै १९७१

वेल्हे मुक्कामी आमचे व्याही सावळाराम यांस भोरहून रखमाजीचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंनी पाठवलेले नाचणीचे पापड पोचले. (निम्मे मोडले होते, पण तो दोष एस.टी.चा, विहीणबाईंचा नव्हे.)

तुमचं पत्र मिळालं. आमच्या सूनबाईला, म्हणजे तुमच्या बनाला, हॉलंडला नऊ महिने धाडू नये असं तुम्ही लिहिता. 'सर्टिफिकेट तर भोरच्या कचेरीतही मिळतं, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?' हा तुमचा मुद्दा मी घरात मोठ्यानं वाचला. आमची मंडळी ठकुबाई हसली, बना हसली नाही. अहो, ते रहिवासाचं सर्टिफिकेट नव्हे. देशोदेशीचे आर्थिक व्यवहार कसे चालतात नि शहरं कशी वाढतात, याचा तो पदवीनंतरचा अभ्यास. बना पुण्याच्या नगररचना कचेरीत नोकरी करते, तिथूनच तिनं अर्ज केला. खर्च सगळा तिकडचे लोक करणार. त्यांनी तिला का निवडलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्जाबरोबर आपल्या गावाच्या वाढीवर टिपण पाठवायचं होतं. बनानं भोरचा बाजाररस्ता निवडला. तुमचा जावई, आमचा कुंडलिक, शाळेत शिकवायला गेलेला, तेव्हा मोजायच्या फितीचं दुसरं टोक माझ्या हाती आलं. (सुनेच्या हुकमावरून भर बाजारात ओणवं होण्याची ही माझी पहिलीच वेळ. कंबर अजून धरते.) दोन दुकानं मोजून होतात न होतात तोच गावात आवई उठली की सरकार रस्ता रुंद करणार. झालं. ज्या गेनबा दुकानदाराच्या ओट्यावर माझ्या वडिलांना कधी टेकू दिलं नाही, त्याच ओट्यावर मला खुर्ची आली, वर चहा.

"रखमाजी, आमचा ओटा तेवढा वाचवा की," गेनबा म्हणाला.

"म्या सांगून बगतो, पर सून आमची लई कडक हाय."

खोटं कशाला बोलू, तो चहा मला फार गोड लागला. बनानं मात्र तिथल्या तिथं सांगून टाकलं की हा नुसता अभ्यास आहे. विश्वास कोण ठेवतो? गेनबानं घाबरून स्वतःच पुढची पायरी काढली. समोरच्या दुकानदारानं भरपाईच्या आशेनं आपली फळी पुढं ओढली. रस्ता होता तेवढाच राहिला, नुसता हातभर गेनबाकडे सरकला.

पण टिपणातली खरी गोष्ट वेगळीच. डोंगराकडच्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन येतात, त्या मंडईत न जाता स्टँडसमोर धुळीत का बसतात? आम्ही सगळे म्हणायचो, अडाणी आहेत. बना जाऊन त्यांच्या शेजारी बसली (माझी छत्री घेऊन, मी उन्हात). तेव्हा कळलं की मंडईतून एस.टी. दिसत नाही, आणि परतीची गाडी चुकली की घरची पोरं उपाशी. मग मंडईच स्टँडपाशी आणा, असं तिनं लिहिलं. मी जन्मभर त्या रस्त्यानं गेलो, मला हे कधी सुचलं नव्हतं. तुमच्या मुलीचा मला अभिमान वाटतो, हे सरळच लिहितो.

दिल्या घरच्या मुलीवर आपला हक्क काय, असं तुम्ही लिहिता, आणि त्याच कागदावर तिला जायची बंदी करता. आम्ही तिघांनीही हो म्हटलं आहे. तरी काल तिनं भरायला काढलेली ट्रंक परत माळ्यावर टाकली. वेल्ह्याचे आबा हो म्हणाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणते. होकार कळवायची मुदत पंधरवड्यात संपते. यावर तुम्ही सुज्ञ आहात. विहीणबाईंना आमचा जयभीम सांगावा.

आपला,
रखमाजी

ता. क. : होकार पत्रानं चालणार नाही. येत्या रविवारी या आणि तिला समोर बसवून सांगा. गुडघ्याची सबब नको, नसरापूरला गाडी बदलावी लागते, तिथं कुंडलिक येऊन उभा राहील.

आणखी एक : हे ठकुबाईला न दाखवता लिहितो. वर मी फार ठामपणे लिहिलं आहे. पण रोज संध्याकाळची पुण्याची गाडी जरा उशिरा आली तरी मी स्टँडवर जाऊन बनाची वाट बघत बसतो. नऊ महिने कसे काढणार, मला कळत नाही. तेव्हा आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता हो म्हणून टाका. तुम्ही आढेवेढे घेत बसलात, तर 'जाऊ नकोस पोरी' म्हणणारा पहिला मीच असेन.