नाकातलं शिसं

रविवार, २ फेब्रुवारी

माझं आयुष्य आज सकाळी रिमोटची विमानं उडवतात त्या मैदानावर बदललं. चष्म्याच्या दुकानातली ती म्हणाली, "बाल्सा लाकडाची जुनी विमानं काय देखणी असायची! आता कोण बांधतं?" आणि माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे पाण्याचं पिंप होतं, हे मान्य. पण पिंपाकडे कोणी असं बघत नाही.

मी म्हणालो, मी बांधतो.

तोंडातून निघून गेलं. पण खोटं नाही. वृत्तीने मी बांधणाराच आहे. मैदानावर सगळे थर्माकोलची आयती विमानं आणतात. खोक्यातून काढलं, पंख अडकवले, झाले पायलट. आमचा काळ वेगळा होता. कापसासारखं हलकं लाकूड, ब्लेड, टाचण्या, पंखांवर ताणलेला पातळ कागद, आणि तो कागद ताठ करणाऱ्या डोपचा वास. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, पण काळ तो काळच. बाबांनी रिमोट माझ्या गळ्यात अडकवला, एरियल माझ्याहून उंच, आणि अख्खं विमान मी एकट्याने खाली उतरवलं. हे रक्तातच असावं लागतं. कॉलेजात शिकवत नाहीत. म्हणून तर कॉलेज सोडलं.

तेवीस तारखेला जुन्या विमानांचा मेळावा. ती येणार. मी उडवणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवीन बांधण्याइतका वेळ नाही. (बांधता आलं असतं.) बाबांचं एक आहे. कपाटावर, चादरीत गुंडाळलेलं, पिवळ्या पंखांचं, माझ्या जन्माआधीचं. बाकीची पडली, मोडली, लोकांनी मागून नेली. बाबांचे हात हल्ली थरथरतात. कपाटाकडे बघतात, पण खाली काढत नाहीत.

मी म्हणालो, जरा धूळ पुसतो. बाबा म्हणाले, "पूस. उडवू मात्र नकोस. एवढं एकच राहिलंय."

मी 'बरं' म्हणालो. बरं म्हणजे काही वचन नव्हे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धूळ पुसता पुसता जुनं तेलाचं इंजिन निघालं. त्या जागी नवी इलेक्ट्रिक मोटर बसवली. नाकाच्या आत शिशाचा एक गोळा घट्ट चिकटवलेला सापडला. कशासाठी, देव जाणे. जुनी माणसं सापडेल ते कुठेही ठोकून ठेवतात. तासून काढला, फेकून दिला. विमान केवढं हलकं झालं! हलकं विमान जास्त चांगलं उडणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

आई म्हणाली, "एवढ्या मायेनं एखादं पुस्तक पुसलं असतंस तर वर्ष वाया गेलं नसतं." रागावर पूर्ण ताबा ठेवला. कप फुटला, पण तो आधीच तडकलेला होता.

सोमवार, १० फेब्रुवारी

ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. याआधीही तपासले होते. नंबर नाही. ती म्हणाली, तुझे डोळे ठणठणीत आहेत, तू पुन्हा पुन्हा का येतोस? किती काळजी!

शनिवार, २२ फेब्रुवारी

संकट. बाबा जेवताना म्हणाले, "उद्या मेळावा आहे ना? मीही येतो. किती वर्षांत गेलो नाही." त्यांनी कपाटातून जुनी टोपीही काढली होती.

मी म्हणालो, वाऱ्यामुळे रद्द झाला.

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. "हो का," म्हणाले, आणि टोपी परत आत ठेवली.

उद्या विमान सुखरूप परत आणलं की सगळं सांगणार. तेच मिठी मारतील.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

मैदानावर. विमान पाहून ती अवाक. पंखावरून बोट फिरवलं, म्हणाली, "हे तू बांधलंस?" मी मान हलवली. उभी की आडवी, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

क्लबचे सेक्रेटरी शिट्टी गळ्यात घालून आले. म्हणे, आधी तोल बघ. पंखांखाली दोन बोटं लाव आणि उचल. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट जड असली तर विमान कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाप काढल्यावर माझं डोकं फिरलं. म्हणालो, बोटांवर ट्रे उचलायला मी वेटर आहे का?

हाताला घाम. उत्साहाने. माझा नंबर आला.

तोच दिवस, दुपार

उडालं. हे मुद्दाम नोंदवतो. उडालं.

मग नाक वर गेलं. आणखी वर. मी रिमोटची काडी पुढे ढकलली, पूर्ण पुढे, अंगठा दुखेपर्यंत. विमानाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेपटीवर उभं राहिलं, जरा विचार केला, आणि उलटं खाली आलं. बाल्सा मोडताना मोठा आवाज होत नाही. कोणी काडेपेटीवर बसावं, तसा होतो.

ती धावली. माझ्याकडे नाही. गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा जॅकेटमध्ये गोळा केला, कागदाच्या चिंध्यासुद्धा. मग विचारलं, पंखातल्या या फासळ्या सगळ्या तंतोतंत सारख्या, कशा कापल्यास?

म्हणालो, कात्रीने.

ती बघतच राहिली. "बाल्सा? कात्रीने? चुरा होतो रे." मी म्हणालो, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. "आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

बाबांचं आहे, मी म्हणालो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. दोन्हींत.

"त्यांना माहीत आहे?"

मी रिमोट बंद केला. ती म्हणाली, चल. घरी चल आधी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल तिने सगळे तुकडे टेबलावर मांडले, तरी बाबा ओरडलेच नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. पंखाचा तुकडा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. आईला म्हणाले, "अजून वास आहे बघ." मग मला एवढंच विचारलं, "नाकातलं शिसं कुठंय?"

फेकलं, म्हणालो.

"त्यानेच तोल होता रे. तुझं इंजिन हलकं, त्याला तर अजून लागलं असतं."

मी आठवण करून दिली की सहा वर्षांचा असताना मीच विमान उतरवलं होतं, म्हणजे हात माझाही तयार आहे. बाबा म्हणाले, "तुझ्या गळ्यातला रिमोट बिघडलेला होता. चालू होता तो माझ्या हातात, तुझ्या पाठीमागे." तिला एवढं हसू आलं की आईने पाणी दिलं.

वय झालं की स्मरणशक्ती दगा देते. बाबांची.

रविवार, २ मार्च

ती रोज येते. कारण उघड आहे. काहीतरी बहाणा हवा म्हणून बाबांशेजारी बसते. ते सांगतात, ती करते. बाल्साचे पातळ तुकडे एकावर एक रचायचे, दोन्ही बाजूंना फासळीच्या आकाराचे पत्रे लावून आवळायचे आणि सगळे एकदम घासायचे. म्हणून सारखे. "काका, आता?" "आता कडा. हलक्या हाताने." "काका, असं?" "वा!" मला उभ्या जन्मात वा म्हणाले नाहीत.

बाबा आता आरशात बघून भांग पाडतात. विमान पुन्हा उभं राहतंय. हे सगळं माझ्यामुळे घडलं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी चहा करतो.

शनिवार, ८ मार्च

उद्या विचारायचं. भाषण तयार. पाठ. होकार गृहीत.

रविवार, ९ मार्च

विचारलं.

पंखावर नवा कागद ताणून डोपचा हात नुकताच दिला होता. तो टेबलावर ओला. बाबा आत टाचण्या शोधत होते. ती शेपूट चिकटवत होती. म्हणाली, "हे धर. गोंद सुकेपर्यंत सोडायचं नाही." मी धरलं, आणि सगळं भाषण म्हटलं. मधला भाग दोनदा आला. तिने शेवटपर्यंत ऐकलं, डोळे सांध्यावर.

"नाही रे," म्हणाली. मग हळूच, "आणि हलू नकोस, तिरकी होतेय."

हललो नाही. विचारलं, मग रोज कुणासाठी येतेस?

"काकांसाठी," ती म्हणाली. त्यात लाजण्यासारखं काही नसल्यासारखं.

बाबा बाहेर आले. माझा चेहरा पाहिला, तिचा पाहिला, आणि हातात डबी असूनही पुन्हा टाचण्या शोधू लागले. मी विचारलं, पुढच्या मेळाव्यात हे कोण उडवणार? बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

गोंद सुकला. मी शेपूट खाली ठेवली. मस्तकात जाळ झाला होता. बोलायचं ते सगळं ओठांवर होतं, पण ठरवलं, आता दारच बोलेल. तरातरा गेलो, कडी पकडली, दार सताड उघडलं.

"अरे, हळू," बाबा म्हणाले. "पंख ओला आहे. धूळ उडाली तर बसेल त्यावर."

मी बाहेर पडलो. दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता, दार लावलं.